ताओ पंथातले ‘फू’: पिवळ्या कागदावरचा लाल हुकूम

बखरनवीस (धागाकर्ता)

पिवळ्या कागदाची उभी पट्टी आणि तिच्यावर लाल शाईच्या वेड्यावाकड्या रेघा. हाँगकाँगच्या भुताच्या सिनेमांत ती उड्या मारत येणाऱ्या प्रेताच्या कपाळावर चिकटवली की प्रेत जागच्या जागी थिजतं. जपानी कार्टूनांत आणि मोबाईलवरच्या खेळांत तीच पट्टी आग ओकते. या पट्टीला ‘फू’ म्हणतात. इथे चीनच्या ताओ मताबद्दल विचारणारे बरेच नवे सदस्य याच दारातून आत आलेले दिसतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: या चिन्हाचा अर्थ काय, आणि मी काढलं तर चालेल का?

फू वाचायचा तर आधी त्याच्याकडे सरकारी कागद म्हणून बघा. गूढ आकृती, ‘ऊर्जे’चं चिन्ह वगैरे तूर्त बाजूला ठेवा (‘ऊर्जा’ हा शब्द या धाग्यावर मी तरी वापरणार नाही). प्राचीन चीनमध्ये फू म्हणजे राजाच्या अधिकाराची दोन तुकड्यांत कापलेली खूण. तिचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे काशाचा वाघ. वाघ उभा चिरायचा, उजवा भाग राजाकडे, डावा दूरच्या ठाण्यावर. शिआनच्या शान्शी इतिहास संग्रहालयात छिन राज्याचा असा एक अर्धा वाघ आहे. त्याच्या अंगावर सोन्याने भरलेली अक्षरं सांगतात की ५० किंवा जास्त शिपाई हलवायचे असतील तर राजाकडचा तुकडा येऊन जुळला पाहिजे. शत्रू आल्याची आगटी पेटली असेल तर मात्र थांबायचं नाही. इ.स.पू. २५७ मध्ये वेई राज्याच्या एका राजपुत्राने असा वाघ राजाच्या शयनगृहातून चोरवला आणि शेजारच्या झाओ राज्याला वाचवायला फौज मागितली. तुकडे जुळले, तरी सेनापतीला शंका आली. मग त्याला तिथेच ठार करून फौज ताब्यात घेतली.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. खूण खरी होती, पण ती घेऊन येणाऱ्याला अधिकार होता का, हा प्रश्न शिल्लक राहिला. ताओ पंथात फूबद्दल जे काही वाद झाले ते जवळजवळ सगळे इथेच येऊन थांबतात.

दुसऱ्या शतकात, हान राजवटीच्या उतरत्या काळात, थडग्यांत मातीचे घडे पुरत. त्यांवर हिंगुळाने मजकूर लिहिलेला असे, काहींवर फूही. मेलेल्याने मागे राहिलेल्यांना छळू नये, पाताळातल्या अंमलदारांनी नोंद घ्यावी, अशा आशयाचा तो मजकूर ‘कायद्याप्रमाणे’ या अर्थाच्या शब्दांनी संपतो. हे शब्द हान कचेऱ्यांतल्या रोजच्या पत्रव्यवहारातले. पुढे तेच ताओ मंत्रांच्या शेवटी कायमचे येऊन बसले: ‘जी जी रू ल्यू लिंग’, म्हणजे ‘तातडीने, कायद्याबरहुकूम’. जपानमध्येही हेच शब्द लिहिलेल्या जुन्या लाकडी पट्ट्या सापडल्या आहेत. आपल्याकडे मंत्राचा शेवट ‘स्वाहा’ने होतो, तिकडे तो कचेरीच्या शेऱ्याने होतो. मला या एका गोष्टीसाठी चिनी लोक फार आवडतात.

इ.स. १४२ मध्ये सिचुआनातल्या हेमिंग पर्वतावर झांग दाओलिंगला देवरूप लाओझीने (ताओ मताचा आद्य ऋषी) दर्शन दिलं, असं परंपरा मानते. तिथून ‘स्वर्गीय गुरूं’चा पंथ सुरू झाला. त्यांच्याकडे आजारी माणसासाठी चक्क अर्ज लिहीत. त्यात त्याचं नाव आणि पापांची कबुली, आणि प्रती तीन. एक डोंगरावर ठेवायची, एक जमिनीत पुरायची, एक पाण्यात सोडायची, कारण स्वर्ग, पृथ्वी आणि जल ही तीन वेगळी खाती. अर्ज खालून वर जातो, फू वरून खाली येतो. पुजारी मधला अंमलदार. त्याला दीक्षेच्या वेळी एक यादी मिळते, तिला ‘लू’ म्हणतात. कोणते दैवी सेनापती आणि सैनिक त्याच्या हाताखाली आहेत, त्याची ती नेमणूक-यादी. फू म्हणजे त्या यादीतल्या कुणाला तरी दिलेला हुकूम. म्हणून चिनीत ‘फू-लू’ असा जोडशब्दच चालतो. नवख्यांच्या पुस्तकांत फूची पानंच्या पानं चित्रं असतात आणि लूबद्दल अवाक्षर नसतं. माझी मुख्य तक्रार ती आहे.

आता पट्टीची रचना. सगळे फू असे नसतात, पण तैवान-फुजिएन भागात सर्रास दिसणारा प्रकार वरून खाली वाचता येतो. माथ्यावर बहुधा तीन छोटे फटकारे, ते ‘तीन शुद्ध’ म्हणजे ताओ देवमंडळातले सर्वोच्च तिघे. त्यांच्याखाली ‘आज्ञा’ अशा अर्थाची दोन अक्षरं. मग हुकूम कोणाच्या नावाने निघाला त्या देवतेचं किंवा खात्याचं नाव. ‘वीज-गडगडाट’ हे अक्षर दिसलं तर तो मेघगर्जनेच्या खात्याचा कागद. मधल्या भागात काम: घर राखणं, आजार घालवणं, भूत अडवणं. जोडलेली छोटी वर्तुळं म्हणजे तारे, बहुतेक वेळा सप्तर्षी. पोटात एक अक्षर असतं, त्याला फूचं ‘पित्त’ म्हणतात. चिनी समजुतीत धैर्य पित्ताशयात राहतं. हे अक्षर इतर रेघांखाली गाडून टाकतात, म्हणजे बाहेरच्याला वाचता येऊ नये. शेवटी पाय, आणि वर लाल शिक्का.

लिहिण्याआधी अंघोळ, उपास, दिवस आणि घटका पाहणं, धूप. लेखणी, शाई, कागद, पाणी या प्रत्येकाला वेगळा मंत्र. मग दातावर दात वाजवून देवतांना जागं करायचं, मनात त्यांची रूपं आणायची आणि श्वास धरून सलग लिहायचं. यावर स्वतंत्र धागा होईल, इथे थांबतो.

निशाचर

मी त्या मोबाईल-खेळवाल्यांपैकीच. 🙋 छान लिहिलंय. दोन शंका. एक, नेटवरून फू उतरवून घेतला आणि नीट काढला तर काहीच होत नाही, असं म्हणताय का? दोन, मित्राला दंडावर एक गोंदवायचा आहे. चालेल?

मोडीप्रेमी

वा! फूचा शेवट वाचताना आपल्या जुन्या पत्रांची आठवण झाली. शिवकालीन पत्रात वर राजमुद्रा असते आणि मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’चं मोर्तब, म्हणजे खाली कुणाला काही घुसडता येऊ नये. मोर्तब नसेल तर अक्षर कितीही वळणदार असो, आम्ही तो कागद संशयानेच बघतो. तुमच्या फूवर शिक्का कोणाचा असतो? त्या पुजाऱ्याचा की देवाचा?

बखरनवीस

@मोडीप्रेमी, दोन्ही प्रकार दिसतात. देवळाच्या फूवर त्या देवळाच्या देवाचा शिक्का. दीक्षित पुजाऱ्याकडे ‘ताओ, शास्त्र आणि गुरू’ या तीन रत्नांचा शिक्का असतो. स्वर्गीय गुरूंच्या घराण्याचा म्हणून प्रसिद्ध असलेला शिक्का तर सरळसरळ पदाचा आहे: यांगपिंग ठाण्याच्या कारभाऱ्याचा. बघा, देवाधर्माच्या शिक्क्यावर ठाणं आणि हुद्दा.

@निशाचर, पहिल्या प्रश्नाला चौथ्या शतकातल्या गे होंगने उत्तर देऊन ठेवलंय. हा माणूस फूचा कट्टर पुरस्कर्ता. त्याच्या ‘बाओपूझी’ ग्रंथात डोंगरात शिरताना बाळगायचे फू दिले आहेत. शिवाय पाठीवर नऊ इंच व्यासाचा आरसा टांगा, म्हणजे माणसाचं रूप घेऊन येणाऱ्या पिशाच्चाचं खरं रूप त्यात दिसेल, असा सल्लाही आहे. आणि तोच सांगतो की हल्ली लोकांचे फू लागू पडत नाहीत, कारण ते चुकीचे उतरवलेले असतात. तो एक म्हण देतो: तीनदा नक्कल केली की ‘मासा’चा ‘लू’ होतो आणि ‘पोकळ’चा ‘वाघ’ (चिनीत ही अक्षरं दिसायला जवळची आहेत, पहिल्या जोडीतलं ‘लू’ हे एका राज्याचं नाव). साध्या मजकुरात अशी चूक वाचणाऱ्याच्या लक्षात येते. फू वाचताच येत नसल्याने तीही सोय नाही. असा चुकलेला फू निरुपयोगी तर असतोच, वर अपायही करू शकतो, हे गे होंगचं म्हणणं. आता हे हाताने उतरवण्याच्या काळातलं. नेटवरची चित्रं कितव्यांदा उतरवलेली आहेत, देव जाणे.

गोंदवण्याबद्दल: फू एका कामासाठी, एका वेळी निघालेला हुकूम असतो. काम झालं की तो जाळतात. दंडावर कायमचा हुकूम कशाला? मित्राला म्हणावं, वाघ गोंदव.

खवचट_काका

म्हणजे आमचा गंडादोराच की. फक्त चिनी. त्यात ती ‘फू-पाण्या’ची भानगड तुम्ही शिताफीने टाळलीत, कागद जाळून राख पाण्यात कालवून प्यायची ती. महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून अडवून गंडेदोरे केले तर गुन्हा होतो. तिकडे काय, सगळं ‘परंपरा’ म्हणून माफ?

बखरनवीस

काका, टाळली नाही, तुमच्यासाठी राखून ठेवली होती. 😀

इ.स. १८४ मध्ये पिवळ्या पागोट्यांचं जे बंड झालं, त्याचा पुढारी झांग जुए याच फू-पाण्यावर मोठा झाला. रोग्याला गुडघे टेकून पापं आठवायला लावायची आणि मग पाणी प्यायला द्यायचं. त्यानंतर थोड्याच काळाने लिहिलेल्या एका वृत्तांतात तुमच्याच सुरातला शेरा आहे: दुखणं हलकं असून बरा झाला तर म्हणत, याची श्रद्धा होती, बरा झाला नाही तर म्हणत, श्रद्धाच नव्हती. म्हणजे खवचट काका तिसऱ्या शतकातही होते.

पण ‘फक्त चिनी गंडादोरा’ हे मला पटत नाही. गंड्यामागे कोणतं दफ्तर आहे? इथे नेमणूक आहे, श्रेणी आहे, कोणाचा हुकूम कुठे चालतो याची हद्द आहे. १३०४ मध्ये युआन बादशहाने लोंगहू पर्वतावरच्या गादीच्या ३८व्या स्वर्गीय गुरूला, झांग युत्साईला, लोंगहू, माओशान आणि गेझाओ या तिन्ही पर्वतांच्या फू-लूचं प्रमुखपद दिलं. पृथ्वीवरच्या सरकारने स्वर्गातल्या सरकारच्या कारकुनीचं केंद्र ठरवलं! हे समजून घ्यायला श्रद्धा लागत नाही.

रसशाळा

फू-पाण्याबद्दल कोणी प्रयोग करण्याआधी लिहिते. पारंपरिक लाल शाई हिंगुळाची, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडची. थंड असताना ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून जुन्या लोकांना ते निरुपद्रवी वाटलं असावं. तापवलं की मात्र पारा सुटतो आणि त्याची वाफ श्वासातून जाते. हिंगुळाने लिहिलेला कागद बंद खोलीत जाळणं हा फू-पाण्यातला सगळ्यात वाईट भाग, पिणं त्यानंतर. हल्लीचे छापील फू साध्या लाल शाईचे असतात, पण ती शाईसुद्धा पोटात जाण्यासाठी केलेली नसते.

आणि कृपा करून घरातला शेंदूर ‘तेच ते’ म्हणून वापरू नका. शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. वेगळं विष. लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच.

निशाचर

बाप रे. शेंदराने काढायचा बेत होता. रद्द.

परदेशी_पाखरू

गेली बरीच वर्षं तैवानात, तैनानला राहते. धागा आवडला, पण बखरनवीस, तुमचं सगळं दफ्तर पुजाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं आहे. रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या बाजूने बघा जरा.

इथे फू म्हणजे बहुतेकांसाठी ‘पिंगआन फू’, सुखरूपतेचा. देवळाच्या टेबलावर गठ्ठा ठेवलेला असतो, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी दानपेटीत मनाला येईल तेवढं टाकायचं. घडी घातलेला छापील कागद, लाल कापडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात. घ्यायचा, देवाला आपलं नाव-पत्ता सांगायचा, काय हवं ते बोलायचं आणि मुख्य धूपपात्रावरून घड्याळाच्या दिशेने तीनदा फिरवायचा. धूर लागला की तो ‘चालू’ झाला. मग तो स्कूटरला, गाडीच्या आरशाला, पोराच्या दप्तराला. माझ्या शेजारच्या आजींना तीन शुद्ध कोण हे ठाऊक नाही, पित्ताचं अक्षर ठाऊक नाही. त्यांना एवढंच ठाऊक आहे की हा माझ्या गल्लीच्या देवाचा कागद आहे आणि नातू सैन्यात गेलाय. लू वगैरे त्यांच्या गावीही नाही. मग त्यांचा फू खोटा का?

दुसरं. दीक्षा, यादी, शिक्का यातलं काहीही नसलेला माणूसही इथे फू काढतो आणि लोक तो डोक्याला लावून नेतात. अंगात येणारा. जत्रेत त्याच्या अंगात देव आला की तो जीभ चिरून रक्ताने पिवळ्या कागदावर फू उठवतो. त्याला कोणाच्या नेमणुकीची गरज पडत नाही, कारण त्या क्षणी लिहिणारा तो नसतोच, देव असतो. दीक्षित पुजारी त्याच्याकडे थोडं नाक मुरडून बघतात, पण मिरवणुकीत दोघे एकत्र चालतात.

खवचट_काका

अंगात येणं! चला, आता घरी आल्यासारखं वाटलं.

बखरनवीस

@परदेशी_पाखरू ताई, आजींचा फू खोटा असं मी म्हणणार नाही. पण त्यातही दफ्तर आहेच की. त्या देवाला नाव-पत्ता सांगतात, कोणत्या हद्दीतल्या देवाकडे जायचं हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि धूपपात्राची फेरी हे त्यांच्यापुरतं मोर्तबच. आजींनी कलम वाचलं नाही एवढंच.

अंगात येणाऱ्याचा मुद्दा मात्र अवघड आहे. तिथे माझी मांडणी पुरत नाही. चीनच्या सोंग राजवटीतल्या मेघगर्जनेच्या विधींतही याच्या जवळ जाणारं काहीतरी आहे. ते पुजारी म्हणत की खरा फू आतल्या साधनेतून येतो, कागद आणि हिंगूळ निमित्तमात्र. आणि एक प्रचलित चिनी वचन आहे: फू काढण्याचं मर्म ठाऊक नसेल तर भुतंदेव हसतात, ठाऊक असेल तर दचकून ओरडतात. म्हणजे पद आणि शिक्का यांवर सगळं भागत नाही, हे पंथातल्या लोकांनाही कळत होतंच.

सायली_वाचते

इतका वेळ गुपचूप वाचत होते. बायकांना फू काढता येतो का? की इथेही सोवळं-ओवळं?

परदेशी_पाखरू

सोवळं आहे, विटाळ पाळणारी देवळंही आहेत. पण दीक्षेला बाई चालत नाही असं सुरुवातीपासून नव्हतं. वेई हुआत्सुन ही स्वर्गीय गुरूंच्या पंथातली पदावरची पुजारीण होती, तिसऱ्या-चौथ्या शतकातली. नंतर माओशानच्या शांगछिंग परंपरेने (ताओ पंथाचीच एक शाखा) तिला आपली पहिली गुरू मानलं. आजही पुजारिणी आहेत, पुरुषांपेक्षा कमी.

बखरनवीस

भर घालतो. सुरुवातीच्या पंथात लू फक्त पुजाऱ्याला नव्हे, सगळ्या कुटुंबालाच मिळत असे. लहान मुलाला एका सेनापतीची यादी, मग १० ची, मग ७५ ची. लग्न झालेल्या जोडप्याच्या दोन्ही याद्या मिळून १५०. म्हणजे नवरा-बायको एकत्र आल्याशिवाय पलटण पुरी होत नसे. ‘फू फक्त गुरूच काढतो’ हे चित्र नंतरचं.

माझगावकर

मुंबईत हे कुठे बघायला मिळेल? माझगावातलं चिनी देऊळ चालेल का?

मोडीप्रेमी

डॉकयार्ड रोडजवळचं सी यिप कून ना? वरच्या मजल्यावर क्वान कुंग, म्हणजे सेनापती ग्वान यू. बघण्यासारखं आहे. लहान आहे आणि लोक पूजेला येतात, तेव्हा फोटोसाठी आधी विचारा. तिथे भविष्याच्या काड्या आहेत, हलवून एक बाहेर पडते तिचा क्रमांक बघायचा. फूच्या आशेने मात्र जाऊ नका, मला तरी तिथे दिसला नव्हता.

निशाचर

शेवटचा प्रश्न, हसू नका. धागा येण्याआधीच मी एका संकेतस्थळावरून ‘प्रेमप्राप्ती फू’ मागवला होता. आलाय. विकणाऱ्याने ‘लोंगहू पर्वताच्या स्वर्गीय गुरूंनी स्वतः लिहिलेला’ असं म्हटलंय. खरा असेल का?

बखरनवीस

कोणत्या स्वर्गीय गुरूंनी? ६३वे, झांग एनपू, १९४९ मध्ये तैवानला गेले आणि १९६९ मध्ये वारले. पुढे गादीवर एकाहून अधिक लोकांनी दावा सांगितला. लोंगहू पर्वतावर दीक्षाविधी पुन्हा सुरू झाले आहेत, पण आज ‘स्वर्गीय गुरूंनी स्वतः’ असं कोणी म्हणालं तर पहिला प्रश्न ‘कोणत्या?’ हाच. मग बघा, तुमचं नाव, जन्मतारीख, काम यांपैकी काही त्यावर आहे का? विकणाऱ्याने ते विचारलं तरी होतं का? नसेल तर तो कोरा छापील अर्ज आहे. आणि ज्या मुलीसाठी मागवलाय तिच्या संमतीचं काय, हे मी विचारत नाही, काका विचारतील.

खवचट_काका

विचारतोच आहे.

निशाचर

नाव-बिव काही विचारलं नव्हतं. ☹️ बरं, आता या कागदाचं करायचं काय? कचऱ्यात टाकला तर चालेल?

परदेशी_पाखरू

इथले लोक कचऱ्यात टाकत नाहीत. मुदत साधारण वर्षाची धरतात. वर्ष संपलं की जुना फू ज्या देवळातून आणला तिथे परत नेतात, आभार मानतात आणि देवळाच्या भट्टीत जाळतात. नवा घ्यायचा तो त्यानंतर. तुझा कोणत्याच देवळाचा दिसत नाही, त्यामुळे परत करायचा प्रश्न नाही. जाळायचाच असेल तर रसशाळाताईंचं ऐक: शाई कसली आहे माहीत नाही, तेव्हा घरात नको, गच्चीवर, वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून. नाहीतर पाकिटात घालून पुस्तकात ठेव. आणि पैसे परत मिळतात का ते आधी बघ.